अस्सल नक्कल

संग्रह करणाऱ्या माणसांचे ढोबळमानानं दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग जुन्या वस्तू जमवतो. नाणी, तिकिटं, अडकित्ते, समया. या मंडळींना समाजात मान असतो. दिवाळीच्या सुमाराला वर्तमानपत्रात त्यांचा अडकित्त्यासह फोटो येतो. दुसरा वर्ग नव्या वस्तू जमवतो. त्यांना श्रीमंत म्हणतात. मी या दोन्ही वर्गांत बसत नाही. मी जमवतो त्या जुन्यासारख्या दिसणाऱ्या नव्या वस्तू. त्यातही एकच चीज: रेंजफाइंडर जातीच्या कॅमेऱ्यांसाठी, जुन्या नमुन्याबरहुकूम, मोजक्या संख्येत काढलेली भिंगं. हे वाक्य पुण्या-मुंबईत एका दमात म्हणता येतं. अनसिंगला म्हणून पाहा!

अनसिंग हे वाशीम-पुसद रस्त्यावरचं आमचं गाव. इथं कुठल्याही वस्तूची परीक्षा तीन प्रश्नांत होते. ‘हे काय होय?’, ‘कितीले पडलं?’ आणि ‘कोन्या कामाचं हाये?’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. दुसऱ्याचं देत नाही. तिसऱ्याचं देता येत नाही. पण एका शेजाऱ्यानं चौथाच प्रश्न काढला.

“भाऊ, हे नवं हाये का जुनं?”

“नवं.”

“मंग जुन्यावानी काहून केलं?”

प्रश्न वरवर साधा आहे, पण त्याचं उत्तर द्यायचं तर शंभर वर्षांचा इतिहास सांगावा लागतो. शेजाऱ्याला सोयाबीन काढायचं होतं, त्यामुळे त्याची सुटका झाली. तुम्ही सापडला आहात.

आधी रेंजफाइंडर म्हणजे काय ते सांगतो. या कॅमेऱ्याच्या कपाळावर दोन खिडक्या असतात. एकीतून समोरचा माणूस दिसतो आणि दुसरीतून आलेलं त्याचंच फिकट भूत त्याच्या शेजारी उभं राहतं. भिंगाची कडी फिरवत गेलं की भूत सरकत सरकत माणसात शिरतं. पुरतं शिरलं की अंतर बरोबर जुळलं असं समजून बटण दाबायचं. आमच्याकडे भूत अंगात शिरलं की माणसाला बाहेरचं बघायला नेतात. इथं त्याचा फोटो काढतात, एवढाच फरक.

या जातीचं नाव जगभर केलं ते जर्मनीच्या लायकानं. वेट्झलार गावच्या लाइट्झ कारखान्यात ऑस्कर बारनाक नावाचा कारागीर होता. त्याला दम्याचा त्रास. काचेच्या प्लेटांचा अवजड कॅमेरा उचलून हिंडणं झेपेना, म्हणून त्यानं सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर चालणारा छोटा कॅमेरा १९१४ च्या सुमाराला घडवला. तो विक्रीला आला १९२५ साली, लाइपझिगच्या जत्रेत. १९३२ मध्ये त्याला भिंगाशी जोडलेल्या त्या दोन खिडक्या आल्या. ३० जानेवारी १९४८ रोजी, हत्येच्या थोडाच वेळ आधी, गांधीजींना भेटून आलेला आणि मग त्यांच्या अंत्ययात्रेचे फोटो काढणारा फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ लायकाच वापरत असे.

तर हे झालं अस्सल. आता या अस्सलाची कुंडली मांडू. सुरुवातीच्या लायकांवरचं गाजलेलं भिंग म्हणजे एल्मार. ते माक्स बेरेकनं काढलं. त्यात चार काचा, तीन गटांत. आणि त्याच्या बऱ्याच आधी, १९०२ साली, त्साइस कंपनीच्या पाउल रुडोल्फनं टेसार नावाचं भिंग काढलं होतं. त्यात किती काचा? चार. किती गटांत? तीन. बेरेकनं आपला हिशेब आपण मांडला, उजेडाच्या झडपेची जागा बदलली, हे सगळं मान्य. पण घराणं लपत नाही. अस्सलाच्या घरी पहिल्याच पिढीत शेजाऱ्याचं नाक निघालं!

मग तर रांगच लागली. सोव्हिएत देशात, खारकोव्हजवळ, अनाथ आणि उनाड मुलांची एक वसाहत होती. ती मकारेंको या शिक्षणतज्ज्ञानं वाढवली. या मुलांनी १९३४ पासून लायकासारखा लायका करायला घेतला आणि त्याला नाव दिलं ‘फेड’. ही गुप्त पोलिसांचा संस्थापक फेलिक्स एदमुंदोविच झेर्झिन्स्की याची आद्याक्षरं. आमच्या शाळेत पोरांना हस्तव्यवसायाच्या तासाला टकळी फिरवायला लावत; तिकडे पोरं कॅमेरे करत होती. महायुद्ध संपल्यावर रशियानं जर्मनीतून कॉन्टॅक्स या कॅमेऱ्याची यंत्रसामग्रीच नुकसानभरपाई म्हणून उचलली आणि १९४७ पासून तोच कॅमेरा ‘कीव’ या नावानं निघू लागला. त्याचं ‘सोनार’ हे भिंग म्हणजे लुडविग बेर्टेले याची करामत. रशियात गेल्यावर त्याचं झालं ‘ज्युपिटर’. पूर्वी मुलगी सासरी गेली की नाव बदलत, तसं.

पुढे काही चलाख मंडळींनी याच रशियन कॅमेऱ्यांवर लायकाचं नाव आणि जर्मन सैन्याची चिन्हं कोरून ते ‘युद्धातले अस्सल’ म्हणून हौशी लोकांच्या गळ्यात मारले. इथं मात्र मी हात जोडतो. ही नक्कल नव्हे, लबाडी. नक्कल म्हणते, ‘मी त्याच्यासारखी आहे.’ लबाडी म्हणते, ‘मीच तो.’ आपल्याकडे हा फरक फार पूर्वीपासून कळतो. नारायणपूरजवळ केतकावळ्याला बालाजीचं देऊळ बांधलं, त्याला लोकांनी सरळ ‘प्रतिबालाजी’ म्हटलं. त्यामुळे तिरुपतीची गर्दी घटली नाही आणि केतकावळ्याचा देवही रागावला नाही. ‘प्रति’ म्हटलं की हिशेब चोख.

आता जपान. आणि जपानमार्गे, तुम्हाला पटो न पटो, थेट वाशीम जिल्हा.

१९३४ साली टोकियोत गोरो योशिदा आणि त्याच्या साथीदारांनी लायका समोर ठेवून एक कॅमेरा रचला आणि त्याला नाव दिलं ‘क्वानोन’. करुणेची जी देवता जपानात कान्नोन म्हणून पुजतात तिचं हे नाव. त्याच्या भिंगाचं नाव होतं ‘कास्यपा’, म्हणजे बुद्धाचा शिष्य महाकाश्यप. विकताना क्वानोनचं ‘कॅनन’ झालं. पण कान्नोन म्हणजे कोण? आपला अवलोकितेश्वर. त्याला पाहायचं तर अजिंठ्याला जावं. आणि अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात कुणाचा लेख आहे? पाचव्या शतकातल्या वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा. आणि हरिषेणाची राजधानी कुठली? वत्सगुल्म. म्हणजे आमचं वाशीम! तेव्हा कॅननच्या नावात आमच्या तालुक्याचा काही अंश आहे, असं मी गावात सांगतो. त्यावर अद्याप कुणी हरकत घेतलेली नाही. कुणी ऐकलेलंही नाही.

पण अजिंठ्याचं नाव मी नुसतं मिरवायला काढलं नाही. नकलेचं मोल महाराष्ट्रानं तिथंच मोजलं आहे. १८४४ पासून मेजर रॉबर्ट गिल वर्षानुवर्षं लेण्यांत बसून भित्तिचित्रांच्या हुबेहूब प्रती काढत होता. त्या लंडनला गेल्या आणि १८६६ च्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. मग मुंबईच्या कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्सनं विद्यार्थी घेऊन १८७२ पासून पुन्हा पहिल्यापासून तेच काम आरंभलं. १८८५ मध्ये लंडनच्याच दुसऱ्या आगीत त्यांतल्याही पुष्कळशा गेल्या. दोनदा नक्कल, दोनदा राख! एखाद्यानं ब्रशच मोडला असता. ग्रिफिथ्सनं उरल्यासुरल्यावरून दोन खंडांचा ग्रंथ काढला. इकडे भिंतीवरचा मूळ रंग काळानं, ओलीनं आणि वटवाघळांनी विटत होताच. आज त्या भिंतीवर जे दिसेनासं झालं आहे त्यातलं काही फक्त या नकलांत पाहायला मिळतं. ‘नुसती नक्कल’ असं नाक मुरडणाऱ्यानं एकदा याचा विचार करावा.

भिंगांच्या बाबतीतही पुढे असंच झालं. १९५० मध्ये कोरियाचं युद्ध पेटलं तेव्हा ‘लाइफ’ मासिकाचा डेव्हिड डग्लस डंकन जपानी निक्कोर भिंगं घेऊन गेला. त्याचे फोटो पाहून अमेरिकेतले संपादक चक्रावले. त्याच वर्षी डिसेंबरात न्यूयॉर्क टाइम्सनं जपानी भिंगांची बातमी छापली. यातलं नावाजलेलं ८५ मिलिमीटरचं निक्कोर हे सोनारच्याच वळणाचं. शिष्य गुरूच्या पुढे गेला की त्याला नक्कल म्हणत नाहीत, घराणं म्हणतात.

पुढे दुसऱ्या तऱ्हेचे कॅमेरे आले, मग फिल्मच आटली आणि ही सगळी मंडळी अडगळीत गेली. तिथून माझ्या छंदाचा जन्म झाला. निकॉननं २००० साली आपला जुना एस-३ कॅमेरा त्याच्या भिंगासकट पुन्हा घडवला. नग आठ हजार. २००५ मध्ये एसपी हा कॅमेरा ३५ मिलिमीटरच्या भिंगासह काढला. नग अडीच हजार. फोग्टलेंडर या जुन्या नावाखाली जपानच्या कोसिना कंपनीनं १९०० सालच्या हेलियार भिंगाची १०१ वर्षं साजरी करायला खास संच काढला. शंभर नव्हे, एकशे एक! आहेराच्या पाकिटात वरचा रुपया टाकण्याची अक्कल जपान्यांनाही आहे हे वाचून माझा ऊर भरून आला. खुद्द लायकानंही १९६६ चं आपलं नॉक्टिलक्स २०२१ मध्ये पुन्हा काढलं. त्यातली चंदेरी भिंगं फक्त शंभर. अस्सलानं स्वतःचीच नक्कल केली! आणि लायकाचं १९५८ चं आठ काचांचं भिंग चीनमधल्या एका छोट्या कारखान्यानं अलीकडे पुन्हा जमवलं, तेही उघडपणे ‘ही प्रत आहे’ असं सांगून.

‘मर्यादित आवृत्ती’ या शब्दांचं मला फार दिवस कोडं होतं. मराठी पुस्तकाची प्रत्येक आवृत्ती मर्यादितच असते, पण त्यासाठी कुणी जास्त पैसे मोजत नाही. मग उमगलं की आकडा भिंगावर कोरायचा असतो. आकडा कोरला की माणूस ते वापरत नाही. खोकं उघडत नाही, कडी फिरवत नाही. आमच्याकडे बैलाची पूजा पोळ्याला एक दिवस करतात आणि उरलेलं वर्षभर त्याला जुंपतात. संग्राहक मात्र बारा महिने पोळाच साजरा करतो. मुंबईच्या दिलीश पारेख यांच्या ४,४२५ कॅमेऱ्यांच्या संग्रहाची गिनीजमध्ये नोंद झाली. माझी भिंगं सात. पण पावसाळ्यात काचेवर बुरशी धरते आणि एकदा काच कोरली की ती कायमची जाते, म्हणून मी ती हवाबंद डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्या घालून ठेवतो. “अहो, याच डब्यात तूरडाळ ठेवली असती तर निदान वरणाला तरी झाली असती,” हे घरातलं मत आहे. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

शेजाऱ्याच्या प्रश्नाला मात्र आहे. जुन्यासारखं काहून केलं? कारण करणारे हात गेले की करणंही जातं. निकॉनच्या लोकांना आपल्याच कारखान्याचे जुने कॅमेरे सुटे करून शिकावं लागलं. नॉक्टिलक्सच्या काचा १९६६ मध्ये हातानं घासल्या होत्या. ते कसब कुठल्या कपाटात जपून ठेवता येत नाही. पुन्हा करून पाहिलं तरच ते टिकतं. पोथी उतरवून घेणाऱ्यांनी हेच केलं, अजिंठ्याच्या अंधारात बसलेल्या त्या विद्यार्थ्यांनी हेच केलं.

आणि आमच्या घरात आजीचा एक फोटो आहे. तिनं जन्मात एकदाच काढून घेतलेला. वाशीमचा फोटोग्राफर एका लग्नात आला होता आणि त्याच्याजवळ रशियन फेड होता, असं काका सांगत. म्हणजे जर्मन भिंगाची रशियन नक्कल, आणि त्या जर्मन भिंगाचं नाक शेजाऱ्याचं! मूळ फोटो पुढे वाळवीनं खाल्ला. निगेटिव्ह त्या दुकानाबरोबरच गेली. काकांनी नोकरीला नागपूरला जाताना एक प्रत काढून नेली होती, तीवरून माझी, माझ्यावरून बहिणींची. नकलेच्या प्रतीची प्रत. पण गालावरचा देवीचा वण त्यात आहे. डोईवरून पुढे ओढलेला पदर आहे. आणि फोटोवाल्यानं ‘हसा’ म्हटल्यावर ‘कायले?’ असं विचारणारी नजर तर जशीच्या तशी आहे.

घरी येणारं माणूस तो फोटो पाहून आजवर ‘ही नक्कल का?’ असं म्हणालेलं नाही. जुनी माणसं चष्मा वर करतात, जवळ जातात आणि म्हणतात, “आजी होय ही.”