बडोद्याच्या अगाश्या आणि मी मंजूर केलेलं कोटेशन



आपल्या बडोद्याच्या वाड्यांवर, गणपतींवर, खाणावळींवर इथे बरंच लिहून झालंय. आज मी अगाशीवर लिहितो. पुण्या-मुंबईचे नातेवाईक तिला गच्ची किंवा टेरेस म्हणतात, पण आपल्या तोंडी अगाशीच. मी कॉमर्सवाला, आयुष्य बँकेत गेलं, इंजिनिअर नाही. तरी या विषयात एक मोठी चूक माझ्या हातून झाली, आणि ती करता करता थोडंफार शिकलो.

दांडिया बाजारातल्या आमच्या आजोबांच्या घरावर पुढच्या बाजूला कौलं होती. आधी देशी नळीची, मग मंगलोरी. (मंगळुरास बासेल मिशनने 1865 साली कारखाना काढला, तिथून ही कौलं देशभर गेली.) मागच्या बाजूला मात्र छोटी सपाट अगाशी होती, चुन्याच्या कोब्याची. आजी सांगायची, विटांचे तुकडे आणि घाणीत मळलेला चुना पसरायचे, आणि बायकांची रांग बसून लाकडी थाप्यांनी तो दिवसेंदिवस कुटायची. वरून गुळाचं आणि बेलफळाचं पाणी शिंपडायचे. तीन-चार इंचांचा थर कुटून कुटून इतका घट्ट व्हायचा की पाणी वरून निघून जाई. त्याला चांगला ढाळ असे, आणि दर दिवाळीला पांढरी चुनेवारी. लहानपणी वाटायचं की चुना शोभेसाठी लावतात. पण पांढऱ्या रंगावरून ऊन परत जातं, कोबा कमी तापतो, म्हणून कमी तडकतो, हे गणित त्या लोकांना शाळेत न जाता ठाऊक होतं.

पुढे सिमेंटचे स्लॅब आले. चुना कुटणारी माणसं गेली. स्लॅबवर डांबरी फेल्ट चिकटवायची पद्धत आली. आमच्या कॉलेजच्या दिवसांत, म्हणजे 1970 च्या सुमारास, कुठल्या घरावर डांबर उकळतंय हे वासावरून कळायचं. पण मे महिन्यात आपल्याकडे 42-43 अंश तापमान असतं, आणि काळा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. डांबर दुपारी मऊ, रात्री कडक. असं रोज होऊन ते तडकायचं. त्यावर गुजरातने आपला इलाज काढला, चायना मोझेक. फुटलेल्या पांढऱ्या लादीचे तुकडे सिमेंटमध्ये बसवायचे. कचऱ्यातला माल, पण ऊन आणि पाणी दोन्ही परतवतो. अहमदाबादला बाळकृष्ण दोशींनी आपल्या ‘संगाथ’ या ऑफिसच्या गोल छतांवर हाच चायना मोझेक वापरला. दोशी जन्माने पुण्याचे. 2018 साली त्यांना प्रिट्झकर पारितोषिक मिळालं तेव्हा आमच्या कडियाला मी पेपरातला फोटो दाखवला. तो म्हणाला, “साहेब, हे तर आम्ही रोजच करतो.”

आता माझी गोष्ट.

आमची सोसायटी 1984 ची. बारा फ्लॅट, त्यातले सात मराठी. 2003 मध्ये अगाशी गळायला लागली आणि मी होतो खजिनदार. तीन कोटेशनं आली. तिघेही डांबरी मेम्ब्रेनचंच काम सांगत होते. हे जुन्या फेल्टचं सुधारलेलं रूप. डांबरात एपीपी नावाचं प्लास्टिक मिसळतात, 1960 च्या दशकात इटलीत निघालेली युक्ती. तयार शीटचे रोल येतात आणि ज्योतीने वितळवून चिकटवतात. याचा भाऊ एसबीएस, तो रबरासारखा. थंडीत लवचिक राहतो, म्हणून गार मुलखात चालतो. आपल्या उन्हात एपीपी बरा, कारण तो सहज पातळ होत नाही.

सर्वात महाग कोटेशनमध्ये चार मिलिमीटरची शीट, आधी ढाळाची दुरुस्ती, कठड्याच्या कोपऱ्यात गोल वाटा, शेवटी पाणी भरून चाचणी आणि वरून चायना मोझेक, असं सगळं होतं. सर्वात स्वस्तात तीन मिलिमीटरची साधी काळी शीट, बस्स. मी बँकेच्या सवयीने एकेक ओळ खोडत गेलो. ढाळ आहे तो पुरे. वाटा कशाला? चाचणी पाऊसच करेल. मोझेक तर निव्वळ चैन. सोसायटीचे 38 हजार वाचवले म्हणून मीटिंगमध्ये टाळ्या मिळाल्या. शिवाय भाव पाडण्यात एप्रिल-मे गेला आणि काम झालं जूनच्या पहिल्या पावसानंतर, स्लॅब ओला असताना.

पुढचं सांगायला नकोच, पण सांगतो. ऊन पडलं तशी स्लॅबातल्या ओलीची वाफ झाली, तिला बाहेर जायला वाट नाही, शीटला पुऱ्यांसारखे फुगे आले. उत्तरायणाला आपण सगळे अगाशीवर, पतंग, फिरक्या, उंधियू, टेबलं, खुर्च्या, स्पीकर. त्या फुग्यांवर पाय पडले, खुर्च्यांचे पाय रुतले. मग कोणी डिश अँटेना बसवली, कोणी सोलर हीटर, दोन्हींनी शीट भोकसली. उघड्या काळ्या शीटला तीन उन्हाळ्यांत सुकलेल्या तळ्यासारख्या भेगा पडल्या. वाटा नसल्याने कठड्याशी काटकोनात वळवलेली शीट तिथेच तुटली. ठेकेदाराला दोष कसा देऊ? ज्याचे पैसे दिले तेवढं त्याने केलं होतं.

2006 च्या पावसात वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या कपाटामागची भिंत पाझरली. काका तीन वर्षांपूर्वी गेलेले. बडोद्यातल्या मराठी कुटुंबांच्या आठवणी ते वीस वर्षं लिहून ठेवत होते. कोणाचं घराणं कुठून आलं, कोण राजवाड्यात कामाला होतं, कुठे कोणतं दुकान होतं. दोन जाड रजिस्टरं, शाईच्या पेनाने लिहिलेली. कपाट उघडलं तेव्हा एकाची पानं निळ्या पाण्याने चिकटून लगदा झाली होती. काकू मला काहीच बोलल्या नाहीत. “चहा घेणार ना?” एवढंच म्हणाल्या. मला तो चहा अजून आठवतो.

2007 च्या मार्चमध्ये आम्ही सगळं उखडलं. या वेळी घाई नाही. उन्हात स्लॅब पुरता वाळू दिला. शंभराला एक असा ढाळ केला, म्हणजे दर मीटरला एक सेंटिमीटर. पावसाळी पाइपांची तोंडं मोठी केली. कोपऱ्यांत वाटा. धूळ झाडून प्रायमर. चार मिलिमीटरची शीट, जोडावर दहा सेंटिमीटर एकावर एक, कठड्यावर वर चढवून तिथे खाच घेऊन बंद केली. पाइपांचे बूच लावून 48 तास पाणी भरून ठेवलं. खाली एक थेंब नाही, तेव्हाच वर प्लास्टिकचा थर, मग सिमेंट आणि पांढरा मोझेक. शीट आता उन्हालाही दिसत नाही आणि उत्तरायणाच्या पायांनाही. सोलरचे पाय स्लॅबमध्ये न ठोकता सिमेंटच्या ठोकळ्यांवर उभे केले. आजवर गळती नाही. वरच्या मजल्याचे पंखेही मे महिन्यात थोडी गार हवा देतात.

आता ब्रशने लावायचे पांढरे लिक्विड कोटिंग निघालेत. अहमदाबादने 2013 साली उष्णतेसाठी हीट ॲक्शन प्लॅन केला, आणि पुढे छतं पांढरी करण्याची मोहीमही सुरू झाली. तरुणांनी जरूर लावावं, पण स्लॅब वाळलेला हवा, आणि काम संध्याकाळी करावं. सकाळी स्लॅब तापत जातो, आतली हवा बाहेर पडते आणि ओल्या कोटिंगला बारीक भोकं पाडते. दर काही वर्षांनी पुन्हा हातही द्यावा लागतो, जसा आजी चुना देत असे.

काकांचं वाचलेलं रजिस्टर काकूंनी माझ्याकडे दिलंय. त्याची सगळी पानं मी मोबाइलवर फोटो काढून ठेवली आहेत, एकेक इथे टाकत जाईन. गेलेल्या रजिस्टरात कोणाकोणाची घराणी होती ते आता कोणालाच ठाऊक नाही. ज्यांच्याकडे काकांनी येऊन माहिती लिहून नेल्याचं कोणी ऐकलं असेल, त्यांनी कृपया पुन्हा सांगावं. मी वही घेऊन येतो.