नाव 'कोकनी', पण कोकणातला नाही! लूर खाण्यासारखं नसतानाही हा सॅल्मन गळाला लागतो कसा?

'कोकनी सॅल्मन' हे नाव पहिल्यांदा कानावर पडलं की मराठी माणसाला वाटतं, हा मालवण-रत्नागिरीकडचा कुठला तरी मासा असणार. त्यात आपल्या बाजारात रावसाला 'इंडियन सॅल्मन' म्हणून विकतात, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. पण रावसाचं खऱ्या सॅल्मनशी काही नातं नाही आणि कोकनीचं कोकणाशी. हा शब्द उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या सॅलिश भाषांमधला. त्याचा अर्थ 'लाल मासा' असा सांगितला जातो.

कोकनी म्हणजे खरं तर सॉकाय सॅल्मनच. सॉकाय नदीतून समुद्रात जातो, तिथे मोठा होतो आणि अंडी घालायला परत येतो. कोकनी मात्र समुद्राचं तोंडही बघत नाही, सगळं आयुष्य गोड्या पाण्याच्या तलावात काढतो. ब्रिटिश कोलंबिया, वॉशिंग्टन, आयडाहो, ओरेगन इथल्या काही थंड तलावांत तो मूळचा आहे. जपान आणि रशियाच्या कामचटकातही सापडतो. कॅलिफोर्निया, युटा, कोलोरॅडो इथे त्याला माणसाने नेऊन सोडलं. कॅलिफोर्नियाच्या सीमेवरच्या प्रसिद्ध लेक टाहोमध्ये तर तो १९४४ साली चुकून पोहोचला. काठावरच्या मत्स्यबीज केंद्राचं पाणी ओसंडलं आणि पिल्लं थेट तलावात गेली.

आकाराने हा मासा बेताचाच, साधारण २५ ते ४५ सेंटीमीटर. २०१० मध्ये ओरेगनच्या वालोवा तलावात मिळालेला सुमारे ४.४ किलोचा कोकनी विक्रमी मानला जातो. तरीही या लहान माशासाठी लोक पहाटे बोटी काढतात आणि डबे भरभरून लूर विकत घेतात. गंमत म्हणजे त्यातलं जवळपास काहीच त्याच्या जेवणासारखं दिसत नाही.

जेवण वेगळंच

गळाने मासे पकडायचं साधं तत्त्व असं, की मासा जे खातो ते किंवा त्याच्यासारखं काहीतरी पुढे करायचं. मोठा मासा छोटा मासा खात असेल तर छोट्या माशासारखा लूर लावायचा. कोकनीच्या बाबतीत हे तत्त्व चालत नाही. त्याचं मुख्य अन्न म्हणजे प्राणिप्लवक, विशेषतः डॅफ्नियासारखे डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव. त्याच्या कल्ल्यांच्या आत कंगव्यासारखे दाट काटे असतात, त्यामुळे टिपलेले एवढेसे जीव निसटत नाहीत. डॅफ्नियाच्या आकाराचा गळ कोण बनवणार?

कोकनी या प्लवकांवर किती अवलंबून आहे, हे मोंटानातल्या फ्लॅटहेड तलावाने दाखवून दिलं. तिथे १९१६ मध्ये कोकनी सोडले होते आणि ते चांगले वाढलेही. पुढे माशांना जास्तीचं खाद्य मिळावं म्हणून वरच्या अंगाच्या काही तलावांत मायसिस नावाचं छोटं कोळंबीसारखं प्राणी सोडलं गेलं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ते वाहत फ्लॅटहेडमध्ये आलं. मायसिस दिवसा खोल तळाशी राहतं आणि रात्री वर येऊन प्लवक फस्त करतं. कोकनी दिवसा, डोळ्यांनी बघून खातो. म्हणजे त्याला मायसिस तर मिळेनाच, उलट त्याचंच ताट रिकामं झालं. ग्लेशियर नॅशनल पार्कमधल्या मॅकडोनल्ड क्रीकमध्ये एकेकाळी लाखभर कोकनी अंडी घालायला यायचे आणि त्यांच्यावर ताव मारायला शेकडो गरुड जमायचे. १९८९ पर्यंत माशांची संख्या पन्नासच्या आसपास आली आणि गरुडही पांगले.

मग असा मासा धातूच्या तुकड्याला किंवा गुलाबी प्लॅस्टिकला तोंड का लावतो? अनुभवी लोकांचं म्हणणं असं, की तो भुकेने नाही तर चिडून किंवा कुतूहलाने चावतो. थव्यातून काहीतरी झळकत, उड्या मारत गेलं की तो त्याचा पाठलाग करतो आणि हल्ला चढवतो. म्हणून कोकनीच्या साहित्यात लूर कशासारखा दिसतो याला फार महत्त्व नाही. तो कसा हलतो, हे महत्त्वाचं.

खरं काम डॉजरचं

कोकनीसाठीची मांडणी पुढून मागे अशी असते: मुख्य तंगूस, मग स्विव्हल म्हणजे फिरती कडी, मग डॉजर, मग लीडर म्हणजे तंगुसाचा छोटा तुकडा, आणि शेवटी लूर. बोट अगदी हळू चालवत हे सगळं पाण्यातून ओढायचं. या पद्धतीला ट्रोलिंग म्हणतात. तंगुसाला पीळ पडू नये म्हणून स्विव्हल लागतेच. ती विसरली की तासाभरात सगळ्या तंगुसाचा गुंता होतो.

डॉजर म्हणजे १० ते १५ सेंटीमीटरची, दोन्ही टोकांना किंचित वाकवलेली चकचकीत पत्री. तिला गळ नसतो. ओढली की ती डावी-उजवीकडे झोके घेते. या झोक्यांनी दोन कामं होतात. एक, लांबून लखलख दिसते आणि पाण्यात कंपनं पसरतात, त्यामुळे थवा जवळ येतो. दोन, मागच्या लूरला हिसके बसतात. फ्लॅशर नावाची अशीच दिसणारी दुसरी पत्री मिळते, पण ती झोके न घेता गोल फिरते. नवखे लोक दुकानात इथेच फसतात.

डॉजर नीट चालतोय का, हे बघायला कुठलं यंत्र लागत नाही. खोल सोडण्याआधी तो बोटीच्या बाजूला, डोळ्यांसमोर धरायचा. नुसताच सरळ सरकत असेल तर बोट फार हळू आहे. गरगर फिरायला लागला तर वेग जास्त झाला. मधल्या वेगाला तो कुत्र्याच्या शेपटीसारखा झोके घेतो. बहुतेक डॉजरना ताशी दीड ते अडीच किलोमीटर पुरतात, म्हणजे माणसाच्या नेहमीच्या चालीच्या निम्मा वेग. एका वेळी दोन-तीन रॉड लावणार असाल तर सगळे डॉजर एकाच वेगाला चालणारे हवेत, नाहीतर एक नाचतो आणि दुसरा झोपतो.

लूर कोणता, लीडर किती?

सगळ्यात लोकप्रिय लूर म्हणजे हूची. साधारण चार सेंटीमीटरचं, झालरीसारखे पाय असलेलं प्लॅस्टिकचं छोटं माकूळ. त्याला स्वतःची काहीच हालचाल नसते. नुसतं ओढलं तर ते मेलेल्यासारखं सरळ येतं. त्याला जिवंत करतो तो डॉजर, म्हणून हूचीचा लीडर आखूड ठेवतात. डॉजरच्या लांबीच्या दीड ते अडीच पट, हा चालणारा ठोकताळा. १५ सेंटीमीटरच्या डॉजरमागे साधारण २५ ते ३५ सेंटीमीटर. लीडर जितका आखूड तितका हिसका जोरात.

स्पिनर आणि पातळ चमचे, म्हणजे स्पून, यांचं उलट आहे. स्पिनरचं पातं स्वतः फिरतं आणि चमचा स्वतः डुलतो. त्यांना आखूड लीडरने डॉजरच्या मागे करकचून बांधलं तर त्यांची स्वतःची चाल बिघडते. त्यांना ४० ते ५० सेंटीमीटर किंवा त्याहून थोडा जास्त लीडर देतात. वेडिंग रिंग नावाचा मण्यांचा, मधोमध चमकदार कडं असलेला जुना स्पिनर याच गटातला. इतक्या वर्षांनीही तो बहुतेकांच्या डब्यात असतो.

लीडर कशाचा, हेही बघावं लागतं. मऊ तंगूस डॉजरचा हिसका मधेच गिळून टाकतो. म्हणून बरेच जण हूचीसाठी १० ते १२ पौंड ताकदीचा, जरा ताठ फ्लुरोकार्बन वापरतात. मासा किलोभराचाही नसताना एवढी ताकद कशाला, असा प्रश्न पडेल. इथे ताकद नको असते, ताठपणा हवा असतो.

हूची घरी बांधणं अवघड नाही. लीडरच्या टोकाला दोन छोटे गळ एकामागे एक, अडीच ते चार सेंटीमीटर अंतरावर बांधायचे. तंगूस डोळ्यातून ओवून गळाच्या दांडीवर सहा-सात वेढे घ्यायचे आणि ओढून घट्ट करायचं. या गाठीला स्नेल म्हणतात, आणि तिच्यामुळे गळ तंगुसाच्या रेषेत सरळ राहतो. गळ ४ किंवा ६ क्रमांकाचे घेतात. इथे क्रमांक वाढला की गळ लहान होतो, हे ऑर्डर देताना लक्षात ठेवलेलं बरं. मग तीन-चार मणी ओवायचे आणि वरून हूची. मण्यांचं काम फक्त अंतर राखण्याचं: हूची त्यांच्यावर टेकते आणि मागचा गळ झालरीच्या टोकाशी येतो. कोकनी बहुतेकदा मागून टोचा मारतो. गळ झालरीच्या आत लपला, तर धक्का जाणवतो पण मासा येत नाही.

मक्याचा दाणा आणि लसूण

प्रत्येक गळाच्या टोकाला पांढऱ्या मक्याचा एकेक दाणा. मासेमारीच्या जगात इतकं शाकाहारी आमिष क्वचितच दिसेल. अमेरिकेत बारीक, लांबट दाण्यांचा 'शूपेग' मका डब्यात मिळतो. तो गळावर टिकतो म्हणून लोकांचा आवडता. दाणे रात्रभर लसणाच्या अर्कात, टूना माशाच्या तेलात, क्रिलमध्ये किंवा बडीशेपेसारख्या वासाच्या अ‍ॅनिस तेलात मुरवतात. सॅल्मनचं नाक तीक्ष्ण असतं. अंडी घालायला जन्माचा ओढा शोधताना तो वासाचा आधार घेतो. मासा लूरपर्यंत येतो ते हालचाल बघून, पण शेवटच्या क्षणी तोंड लावायला वास मदत करतो, असा अनुभव आहे. दाणा एकच लावायचा. दोन-तीन लावले की लूर जड होऊन हिसके घेईनासा होतो. काही तलावांत मका किंवा कुठलंही आमिष लावायला बंदी असते, त्यामुळे त्या राज्याचे नियम आणि परवाना आधी बघावा लागतो.

रंग, खोली आणि थंड पाण्याचा थर

गुलाबी, नारिंगी आणि पोपटी हे कोकनीचे ठरलेले रंग. पण पाणी सूर्यप्रकाशातला लाल भाग सगळ्यात आधी शोषतं. स्वच्छ पाण्यातही पाच-दहा मीटर खाली साधा लाल रंग काळपट दिसू लागतो. मग वीस मीटरवर गुलाबी हूची चालते कशी? कारण ती साधी गुलाबी नसते, फ्लुरोसंट असते. खोलवर पोहोचणारा निळा प्रकाश शोषून ती तो गुलाबी-नारिंगी रंगात परत बाहेर टाकते. लूर घेताना रंगापेक्षा हा गुण बघायला हवा. अगदी खोल किंवा पहाटेच्या अंधारात रात्री चमकणारे 'ग्लो' लूर लावतात.

मासा किती खोल असेल, हे तापमानावर ठरतं. कोकनीला साधारण १० ते १३ अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं. वसंतात असं पाणी अगदी वर असतं, तेव्हा लूर बोटीच्या तीसेक मीटर मागे, जवळपास पृष्ठभागावरच ओढतात. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं आणि मासे पंधरा, वीस, तीस मीटर खाली जातात. मग लागतो डाउनरिगर: बोटीच्या कडेला बसवलेली चरखी आणि तिच्या तारेला तीन ते पाच किलोचा शिशाचा गोळा. तंगूस चिमट्याने तारेला अडकवतात, मासा लागला की चिमटा सुटतो. कोकनी लहान असल्याने चिमटा अगदी हलका लावावा लागतो, नाहीतर मासा लटकत राहतो आणि वर कुणाला पत्ता नसतो.

बोट सरळ रेषेत न नेता नागमोडी नेली की एक फुकटची माहिती मिळते. वळणावर बाहेरच्या बाजूचा लूर वेगाने जातो, आतला मंदावतो आणि थोडा खाली बसतो. मासे सतत बाहेरच्यालाच लागत असतील तर वेग थोडा वाढवायचा, आतल्याला लागत असतील तर कमी करायचा.

कागदासारखं तोंड

इतकं सगळं जमूनही बरेच कोकनी बोटीच्या शेजारी येऊन निसटतात. या माशाच्या तोंडाची कातडी इतकी नाजूक असते की गळ ती फाडून बाहेर येतो. वर हा मासा उड्या मारतो, गिरक्या घेतो. म्हणून सात-आठ फुटी, मधल्यापर्यंत वाकणारा मऊ रॉड घेतात. रिळाचा ब्रेक सैल ठेवतात आणि मुख्य तंगूस थोडा ताणणारा वापरतात. मासा लागल्यावर जोरात झटका द्यायचा नाही, नुसता ताण ठेवायचा. शेवटी त्याला तंगुसाने उचलायचंही नाही. डोकं पाण्यातच ठेवून जाळी खालून सरकवायची.

खोलातून वर आणलेला कोकनी उन्हाळ्याच्या कोमट पाण्यात सोडला तर बहुधा जगत नाही. त्याचे खवलेही हाताळताना सहज निघतात. त्यामुळे मोठा मिळेपर्यंत लहान सोडत राहणं तलावाला महागात पडतं. दिवसाची मर्यादा भरली की जाणकार लोक गळ गुंडाळतात. शरद ऋतूत चित्र बदलतं. तीन-चार वर्षांचा झालेला मासा लालभडक होतो, त्याचं डोकं हिरवट होतं, नराला कुबड येतं, आणि अंडी घातल्यावर सगळे मरतात. त्या काळात त्याचं मांसही पांढुरकं आणि बेचव होत जातं. कोलोरॅडोतल्या काही तलावांत अशा माशांना नुसत्या गळाने ओढून काढायलाही ठरावीक काळ परवानगी असते.

उन्हाळ्यातला रुपेरी कोकनी मात्र नारिंगी-लाल मांसाचा आणि तेलकट असतो, आणि उन्हात फार लवकर मऊ पडतो. म्हणून बोटीवर बर्फाची पेटी आधीच भरून नेतात. मासा वर आला की कल्ल्याजवळ चीर देऊन रक्त काढतात आणि बर्फ-पाण्याच्या मिश्रणात टाकतात. लूर परत पाण्यात जातो तो त्यानंतर, गळावर नवा दाणा लावून.