निळा डगला : युरोपीय कामगारवेशाचा संग्रह आणि इतिहासाचा पुरावा

वस्त्रप्रावरणांच्या इतिहासात दरबारी पोशाखाला जे स्थान मिळाले, ते कष्टकऱ्यांच्या कपड्यांना मिळाले नाही. दरबारी वस्त्रे पेटीत जपली गेली. कामगाराचा डगला अंगावरच विरला आणि अखेर यंत्र पुसण्याची चिंधी झाला. म्हणूनच फ्रान्समधील ‘ब्लू द त्रावाय’ हा कामाचा निळा डगला आज संग्राहक आस्थेने विकत घेतात व वापरतात, ही घटना केवळ फॅशन म्हणून बाजूला सारता येत नाही.

सदर डगल्याची घडण उपयोगातून सिद्ध झाली. जाड सुती ड्रिल किंवा मोलस्किन (नावात कातडे असले तरी हे घट्ट साटिन विणीचे सुती कापडच होय), आतल्या कपड्यांवर चढेल असा सैल बेत आणि हत्यारांसाठी वरून शिवलेले मोठे खिसे. अस्तर बहुधा नसेच.

या निळ्या रंगाचा भारताशी संबंध आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपला नीळ पुरविणाऱ्या प्रदेशांत बंगाल अग्रभागी होता आणि त्या लागवडीतील जुलमाविरुद्ध तेथील रयतेने १८५९-६० मध्ये उठाव केला. जर्मनीतील बीएएसएफ कंपनीने १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आणल्यावर हा व्यापार ढासळला. चंपारणमध्ये बिघ्यातील वीसपैकी तीन कठ्ठे जमिनीत नीळ लावण्याची सक्ती होती. नीळ परवडेनाशी झाली तेव्हा मळेवाल्यांनी त्या सक्तीतून सुटका देण्याच्या बदल्यात शेतकऱ्यांवर वाढीव खंड लादला. १९१७ च्या सत्याग्रहाची ही पार्श्वभूमी सर्वपरिचित आहे. फ्रेंच कामगाराचा रंग स्वस्त होत असताना बिहारच्या शेतकऱ्याचा खंड वाढत होता, हे मात्र वस्त्रेतिहासात सहसा नोंदले जात नाही.

लष्करी गणवेशाची गोष्ट निराळी. ब्रिटनमध्ये १८९४ च्या कायद्याने सैनिकेतरांना तो घालण्यास मनाई केली. तरीही १९६० च्या दशकात लंडनच्या पोर्टोबेलो रोडवरील ‘आय वॉज लॉर्ड किचनर्स व्हॅले’ या दुकानातून जुने लष्करी कोट तरुणांनी हौसेने नेले. त्यात सत्तेची थट्टा होती. कामगाराच्या डगल्याला असे कायद्याचे कवच कधी लाभले नाही. तो कोणीही घालावा. न्यूयॉर्क टाइम्सचे छायाचित्रकार बिल कनिंगहॅम (१९२९-२०१६) पॅरिसमध्ये घेतलेला असा स्वस्त निळा डगला वर्षानुवर्षे वापरत. कॅमेऱ्याच्या घर्षणाने चांगले कपडे फाटतात, हे त्यांचे कारण अगदी कामगाराचेच होते.

बहुतेक संग्राहकांचे कारण तसे नाही. बाजारात जितकी ठिगळे अधिक, तितकी किंमत चढी. नव्या डगल्यांना मुद्दाम विटवून विकणारेही आहेत. ज्या ठिगळाने एका घराची ओढाताण झाकली, ते आता शोभेचे ठरते. येथे संग्राहकास दोष देणे सोपे असले तरी अन्यायाचे होईल, कारण त्याने उचलला नसता तर तो डगला उरलाच नसता.

खरी हानी अन्यत्र होते. नोर-पा-द-कॅले खोऱ्यातील शेवटची कोळसा खाण १९९० मध्ये आणि लॉरेनमधील ला हूव्ह ही फ्रान्सची अखेरची खाण २००४ मध्ये बंद झाली. अशा वस्तीतील डगला व्यापाऱ्याच्या गठ्ठ्यात गेला की गाव, खाण, मालकाचे नाव, सारे सुटते. कॉलर उलटली तर खाली मूळचा गडद निळा रंग दिसतो. तो किती पाळ्यांनंतर वरच्या बाजूने उडाला, हे सांगू शकणारे घर मात्र विक्रीच्या चिठ्ठीवर नोंदलेले नसते.