जी. आय. जो बाहुले, फनस्कूल

फनस्कूल कंपनीने भारतात बनवलेली, हलत्या सांध्यांच्या छोट्या प्लॅस्टिक बाहुल्यांची मालिका. मूळ जी. आय. जो हा अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीचा १९६४ मधील बारा इंची बाहुला. १९८२ मध्ये पावणेचार इंची मालिका निघाली; मार्व्हलचे कॉमिक व कार्टून मालिका यांतून तिची पात्रे घडली (पहा : कॉमिक्स; व्यंगपट). एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या सहयोगाने १९८७ मध्ये फनस्कूल स्थापन झाली व गोव्यात तिचा कारखाना उभा राहिला. येथे हॅस्ब्रोचेच साचे वापरले गेले, परंतु रंगसंगती पुष्कळदा बदलली. एकाच पात्राचा गणवेश निरनिराळ्या रंगांत मिळतो. परदेशी संग्राहकांकडून भारतीय बाहुल्यांना मागणी असते ती मुख्यतः या रंगभेदांसाठी. ‘स्ट्रीट हॉक’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या नायकाचा बाहुलाही फनस्कूलने काढला.

बाहुल्याचे धड व पाय कमरेतील रबरी कड्याने जोडलेले असतात. कालांतराने हे रबर सुकून तुटते आणि बाहुला सुटा होतो. मात्र कडे बदलता येते. हत्यार पकडवताना मोडणारा अंगठा पूर्ववत होत नाही. म्हणून परीक्षणात अंगठे, सांध्यांचा घट्टपणा, रंगाची झीज व मूळ हत्यारे यांची तपासणी आवश्यक ठरते. वेष्टनाच्या पुठ्ठ्यामागे पात्राची माहिती छापलेली असे; न उघडलेल्या पुठ्ठ्यावरील बाहुल्यास सुट्यापेक्षा अधिक किंमत येते (पहा : खेळणी, बाहुल्या).