भट्टीचा भाता, पिकअपच्या बॉनेटखाली

अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिल गावात, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या दोन भावांची लोकरीची गिरणी होती. गिरणी पाण्याच्या जोरावर चालायची. पाणचक्कीपेक्षा चांगलं काहीतरी करावं म्हणून भावांनी एका बंद पेटीत एकमेकांशेजारी फिरणारे दोन लाकडी रोटर बसवले. पाणी लागताच लाकूड फुगलं आणि रोटर अडकून बसले, अशी हकिकत सांगतात. मात्र पेटी कोरडी असताना रोटर फिरवले, तेव्हा दुसऱ्या तोंडातून वाऱ्याचा जोरदार झोत निघाला. पाणचक्कीचा पर्याय फसला आणि लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्यांना नवा भाता मिळाला. 1860 मध्ये रूट्स बंधूंनी त्याचं पेटंट घेतलं.

आज अमेरिकेत एखाद्या पिकअपच्या व्ही-8 इंजिनावर सुपरचार्जर चढवला जातो, तेव्हा बहुधा याच भात्याचा एखादा वंशज तिथे बसत असतो. मोटारीसाठी तो कुणीच शोधला नव्हता. त्याचा पुढचा सगळा प्रवास एका धंद्यातून उचलून दुसऱ्या धंद्यात बसवण्याचा आहे.

आधी तो लोहशाळांत गेला, मग खाणींत हवा खेळवायला. 1870 मध्ये आल्फ्रेड बीच यांनी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेखाली हवेच्या दाबावर चालणारा भुयारी डबा लोकांना दाखवला. तो डबा ढकलायलाही रूट्सचाच अजस्र भाता होता. मोटारींकडे हे यंत्र वळलं ते जर्मनीत. 1921 मध्ये मर्सिडीजने कारखान्यातूनच सुपरचार्जर लावलेल्या गाड्या आणल्या.

इंजिनाला यातून काय मिळतं? एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते. साध्या इंजिनात पिस्टन खाली सरकतो आणि वातावरणाच्या दाबाने जेवढी आत येईल तेवढ्याच हवेवर भागवावं लागतं. सुपरचार्जर क्रँकशाफ्टवरून पट्ट्याने फिरतो आणि इंजिन स्वतःहून घेऊ शकेल त्याहून जास्त हवा आत लोटत राहतो. रूट्स जातीचा ब्लोअर, म्हणजे तोच भाता, स्वतःच्या पोटात हवा दाबत नाही, तो ती फक्त पुढे सरकवतो. पुढे जागा अपुरी पडते, म्हणून दाब वाढतो. जास्त हवा, म्हणून जास्त इंधन, म्हणून जास्त ताकद. पण दाबलेली हवा तापते, आणि पट्टा फिरवायलाही इंजिनाचीच शक्ती खर्च होते. फुकट काहीच मिळत नाही.

अमेरिकेत हा भाता सामान्य माणसाच्या हाती आला तो डिझेलच्या वाटेने. जनरल मोटर्सने 1938 मध्ये ‘71’ मालिकेची टू-स्ट्रोक डिझेल इंजिनं बाजारात आणली. 71 म्हणजे एका सिलिंडरचं घन इंचांतलं आकारमान. सहा सिलिंडरचं ते 6-71. टू-स्ट्रोक डिझेलला स्वतःहून श्वास घेता येत नाही. जळका धूर बाहेर ढकलून ताजी हवा आत भरायला ब्लोअर लागतोच, म्हणून प्रत्येक इंजिनाला रूट्स पद्धतीचा ब्लोअर जोडलेला असे. ही इंजिनं बसमध्ये आली, ट्रकमध्ये आली. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना किनाऱ्यावर उतरवणाऱ्या होड्यांत आणि शर्मन रणगाड्याच्या एका प्रकारातही ती होती.

युद्ध संपलं. लष्कराचा उरलेला माल भंगारात आला आणि कॅलिफोर्नियातल्या पोरांना खजिना सापडला. कोरड्या तळ्यांच्या सपाट पात्रांवर गाड्या पळवण्याचा नाद तिथे युद्धाआधीपासून होता. त्यांच्यातल्याच बार्नी नवारो यांनी चाळीसच्या दशकाच्या शेवटी जनरल मोटर्सच्या डिझेलचा ब्लोअर फोर्डच्या पेट्रोल इंजिनावर बसवून दाखवला. बस आणि ट्रकचा भाग शर्यतीच्या गाडीवर! पुढे ड्रॅग रेसिंगमध्ये 6-71 हे नावच मापासारखं रूढ झालं. आजही तिथल्या ब्लोअरना 8-71, 14-71 असे क्रमांक असतात, तेवढ्या सिलिंडरचं डिझेल इंजिन त्यामागे असो वा नसो.

या सगळ्यात पिकअप बराच काळ बाहेरच होती. 1925 मध्ये फोर्डने कारखान्यातूनच मागे हौदा बसवून मॉडेल टी विकायला काढली. किंमत 281 डॉलर, ताकद 20 अश्वशक्ती. ती शेतकऱ्याची आणि सुताराची गाडी. तिला वेगाची चटक लागली ती सरकारी नियमांतल्या फटीतून. सत्तरच्या दशकात धुराचे नियम आले आणि मोटारींची इंजिनं मंदावली, पण ठरावीक वजनापुढच्या ट्रकना अजून सूट होती. डॉजने 1978 मध्ये ती फट बरोबर हेरली आणि ‘लिल रेड एक्स्प्रेस’ नावाची लालभडक पिकअप काढली. केबिनमागे दोन उभी, चकचकीत धुराडी. शून्यापासून ताशी 100 मैल गाठायला त्या वर्षीच्या अमेरिकन गाड्यांत तीच सगळ्यांत चपळ ठरली. कायदा पाळूनही खोडी काढता येते, याचा याहून देखणा नमुना सापडणं कठीण.

सुपरचार्जर घेऊन आली ती 1999 ची फोर्ड एफ-150 लाइटनिंग. 5.4 लिटरचं व्ही-8 इंजिन, वर ईटन कंपनीचा ब्लोअर, तापलेली हवा थंड करायला पाण्यावर चालणारा इंटरकूलर आणि 360 अश्वशक्ती. 2001 मध्ये ती 380 झाली. ज्यांनी ती विकत घेतली त्यांतल्या अनेकांना तेवढीही पुरेना. ब्लोअरची पुली काढून लहान बसवली की तो अधिक वेगाने फिरतो आणि दाब वाढतो. काम तासा-दोन तासांचं. खरी परीक्षा त्यानंतर. हवा वाढली आणि इंधन तेवढंच राहिलं, तर मिश्रण पातळ होतं. ठिणगीची वेळ मागे घेतली नाही, तर मिश्रण वेळेआधीच भडकतं, इंजिन ठोके देऊ लागतं आणि पिस्टनला भोक पडतं. म्हणून पुलीबरोबर गाडीच्या कॉम्प्युटरमधली इंधनाची आणि ठिणगीची कोष्टकंही बदलावी लागतात. पूर्वी कान आणि पाना यांवर चालणारी कारागिरी इथे लॅपटॉपवर गेली. रोलरवर गाडी पळवायची, पडद्यावरचे आकडे पाहायचे, ठिणगीच्या वेळेचा एखादा अंश कमी करायचा, पुन्हा पळवायची.

कंपन्यांनीही हा बाजार ओळखला. टोयोटाने टकोमा आणि टुंड्रा या पिकअपसाठी सुपरचार्जरचे किट विक्रेत्यांमार्फत विकले. 5.7 लिटरची टुंड्रा त्या किटने 504 अश्वशक्तीपर्यंत जायची. कॅलिफोर्नियात असं किट लावायचं, तर धूर वाढत नाही हे राज्याच्या हवा मंडळाला पटवून परवानगीचा क्रमांक घ्यावा लागतो. तो बॉनेटखाली चिकटवलेला असतो. सगळे इतके सज्जन नसतात. डिझेल पिकअपवाल्यांनी तर ट्यूनिंगच्या नावाखाली धूर रोखणारी यंत्रणाच काढून टाकली. दहा वर्षांत अशा साडेपाच लाखांहून जास्त गाड्या झाल्याचा अंदाज अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 2020 मध्ये दिला.

आपल्याकडे हा खेळ जवळजवळ बंद आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये त्यावर शिक्का मारला. रूट्सच्या भात्याची भावंडं मात्र इथे आहेत. पुण्या-मुंबईच्या अनेक सोसायट्यांच्या तळघरात सांडपाणी शुद्ध करणाऱ्या टाक्यांत हवा सोडणारे घरघरते ब्लोअर असतात, ते बहुतेक याच घराण्यातले.

अमेरिकेत स्पर्धा पुढे एवढी पेटली की बाहेरून किट आणण्याची गरजच उरली नाही. 2021 ची रॅम टीआरएक्स पिकअप कारखान्यातूनच 702 अश्वशक्ती घेऊन आली. फोर्डच्या ‘रॅप्टर’ पिकअपला डिवचण्यासाठी तिच्या बॉनेटखाली रॅप्टर डायनासोर तोंडात धरलेल्या टी-रेक्सचं चित्र कोरलेलं होतं. फोर्डने 2023 मध्ये 700 अश्वशक्तीच्या रॅप्टर आरने उत्तर दिलं.

या शर्यतीत बळी गेला तो हौद्याचा. वेगासाठी बांधलेलं सस्पेन्शन ओझ्याच्या कामाचं नसतं. 1999 च्या लाइटनिंगची भारक्षमता जेमतेम 363 किलो होती, टीआरएक्सची सुमारे 594 किलो. पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत टोमॅटोचे क्रेट घेऊन येणारी महिंद्राची 1.7 टनी बोलेरो पिकअप जवळपास 75 अश्वशक्तीत 1,700 किलो वाहते.