एकाच मडक्यातली भट्टी : अबकारी कायदा आणि कुंडलचे प्रतिसरकार

दारूच्या इतिहासाची साधने बहुतेक सरकारी असतात : मक्त्यांचे लिलाव, परवान्यांचे आकडे, खटल्यांचे निकाल. त्यांत विकणारा दिसतो, पिणारा दिसतो; घरच्या घरी गाळणारा मात्र क्वचितच दिसतो. मुंबई इलाख्याचे अबकारी कायदे आणि साताऱ्याच्या प्रतिसरकारचा इतिहास शेजारी ठेवून वाचताना या अदृश्यतेचे एक साधे कारण माझ्या ध्यानात आले. ते कारण म्हणजे मडके.

युरोपात जवाची दारू करायची तर आधी मोड आणलेले धान्य गरम पाण्यात मुरवून त्यातल्या पिष्टाची साखर करावी लागते. मग ते आंबवायचे, मग गाळायचे. तीन कामे, त्यांची वेगवेगळी भांडी आणि ती मावतील अशी इमारत. मोहाच्या फुलात आणि गुळात साखर तयारच असते, त्यामुळे आपल्याकडे पहिली पायरी मुळातच गळाली. उरली दोन कामे, आणि त्यांना एक मडके पुरते. ज्यात सडवा आंबला तेच चुलीवर चढते. तोंडावर गार पाण्याचे दुसरे भांडे बसते. वाफ त्याच्या बुडाला थंड होऊन आतल्या वाटीत ठिबकते, किंवा बाजूच्या नळीवाटे बाहेर येते. मद्यार्क 78 अंशांच्या आसपास उकळतो आणि पाणी 100 अंशांना. सगळा व्यवहार या फरकावर चालतो. आधी येते ते कडक, पुढचे पाणचट. ‘पहिल्या धारेची’ हा आपल्या बोलण्यातला शब्द इथूनच आला.

या सोयीची किंमतही आहे. चोथा तळाला लागतो, करपतो आणि तो वास दारूत उतरतो. म्हणून ज्याला उघड धंदा करायचा आहे तो भांडी वेगळी ठेवतो. गोव्यात काजूची फेणी गाळणाऱ्यांकडे रस आंबवायचे ‘कोडें’ वेगळे, उकळायचे ‘भाण’ वेगळे आणि धार झेलायची ‘लावणी’ वेगळी. प्रत्येक भांड्याला नाव आहे, कारण कुणापासून लपायचे नाही. आपल्याकडच्या हातभट्टीच्या मडक्याला असे स्वतःचे नाव नाही. आच विझली की ते पुन्हा पाण्याचे किंवा धान्याचे मडके होते.

पुरातत्त्वज्ञांचीही इथेच अडचण होते. तक्षशिलेच्या उत्खननात सापडलेल्या भांड्यांवरून जॉन मार्शल यांनी ऊर्ध्वपातनाच्या यंत्राची जुळणी मांडली. पुढे चारसद्द्याजवळच्या शैखान ढेरीतल्या भांड्यांच्या आधारे रेमंड ऑल्चिन यांनी 1979 साली, भारत हे ऊर्ध्वपातनाचे प्राचीन घर असावे का, असा प्रश्न विचारला. वाद अजून मिटलेला नाही, आणि तो सहजी मिटेल असे मला वाटत नाही. वेगळ्या घडणीचे भांडे खापरातून ओळखता येते. स्वयंपाकाच्या मडक्यात दारू गाळली असेल तर खापर काय सांगणार?

जे पुरातत्त्वाला जमले नाही ते इंग्रज सरकारला महसुलासाठी हवे होते. 1870च्या दशकात चार्ल्स प्रिचर्ड या अधिकाऱ्याच्या पुढाकाराने गावोगावची गाळणी बंद करून दारू मोठ्या भट्ट्यांत एकवटण्याचे धोरण आले. 1878च्या मुंबई अबकारी कायद्याने परवान्याशिवाय गाळण्याचे साहित्य बाळगणे हाच गुन्हा ठरवला. दारू थांबवणे हा त्यामागचा हेतू नव्हता. कर न भरलेली दारू थांबवायची होती. पुणे नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुल्यांनी 1880 साली शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांना हरकत घेतली, तिची पार्श्वभूमी हीच होती.

पण ‘गाळण्याचे साहित्य’ म्हणजे नेमके काय? मडके, परात, बांबूची नळी तर घरोघर. भांडे पकडता येईना तेव्हा कायदा कच्च्या मालाकडे वळला. 1892च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरच निर्बंध आले. ज्या फुलांवर आदिवासी घरे वर्षातले काही महिने काढत, ते अन्न संशयित ठरले. 1949च्या दारूबंदी कायद्यातही मोहफूल राहिले आणि पुढे सडक्या गुळावरही बंधने आली. अपराध मडक्याचा आणि शिक्षा फुलाला, असा हा उलटा न्याय होता.

कृष्णाकाठी मोह नाही, गूळ आहे. इथल्या भट्टीचा माल उसाच्या फडातून येई. त्यात कुंडल औंध संस्थानात. संस्थानचा मुलूख सलग नव्हता. भोवती ब्रिटिश हद्दीतली गावे. मडके डोक्यावर घेऊन शिवार ओलांडले की अंमल बदले. ज्या भूगोलाने इंग्रजांच्या पोलिसांना अडवले आणि 1943पासून भूमिगतांना आसरा दिला, तो भट्टीवाल्यालाही सोयीचाच होता.

म्हणूनच प्रतिसरकारची दारूबंदी मला महत्त्वाची वाटते. क्रांतिसिंह नाना पाटलांचे हे सरकार म्हटले की शेणोलीची रेल्वे आणि धुळ्याचा खजिना आठवतो. पण कुंडलच्या जी. डी. बापू लाडांची तुफान सेना आणि गावोगावच्या न्यायदान मंडळांच्या रोजच्या कामात गुंड, सावकार यांच्याबरोबर दारूचे गुत्तेही होते. त्यांच्याकडे परवाना नव्हता, प्रयोगशाळा नव्हती, पंचनामाही नव्हता. होती ती गावाची माहिती. कुणाच्या परड्यातून रात्री धूर निघतो आणि कुणाकडे गूळ गरजेपेक्षा जास्त येतो, हे शेजाऱ्याला ठाऊक असते. मडके सरकारला ओळखू येत नाही, भावकीला येते. शिवाय या सरकारचे उत्पन्न दारूवर चालत नव्हते, त्यामुळे बंद म्हणजे बंद असे म्हणण्याचा नैतिक अधिकार त्याच्याकडे होता. मात्र हा न्याय लाठीच्या धाकानेही चालत असे. पायांच्या तळव्यांवर मार खाल्लेल्याला अपील नव्हते, हेही लिहून ठेवले पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर बंदी आली, सैल झाली, परवाने परतले. 2008च्या नियमांनी बायकांच्या हाती एक साधन दिले : गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान, आणि निम्म्यांहून अधिक मते पडली की बाटली आडवी. पण हे मतदान परवाना असलेल्या दुकानापुरते. जिच्या नवऱ्याची मजुरी हातभट्टीवर जाते, तिने कशाविरुद्ध मत द्यायचे? त्या भट्टीची कुठे नोंदच नाही. दुकान बंद करायला कायदा पुरतो. मडके बंद करायला शेजाऱ्याने तोंड उघडावे लागते. कुंडलच्या आसपास तीन वर्षे ते उघडले गेले, कारण तेव्हा सांगणाऱ्याला आपले सरकार आपल्या बाजूचे वाटत होते.