बाडांतील चोपचिनी : कालनिर्णयाचें एक साधन

१९३८ सालीं चीनच्या साह्यार्थ हिंदुस्थानांतून जें वैद्यकीय पथक गेलें, त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर व सोलापूरचे डॉ. कोटणीस होते. परंतु त्यापूर्वीं सुमारें चारशें वर्षें चीनचें एक औषध आपल्या देशांत येऊन रुळलें होतें. तें चोपचिनी. नागपुरास इतवारींतील काष्ठौषधींच्या दुकानांत तें आजही याच नांवानें मागतात.

शब्द मूळचा फारसी. चोब म्हणजे लाकूड, चिनी म्हणजे चीन देशचें. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा ग्रंथ १५६३ सालीं गोव्यांत छापला गेला. फिरंगरोगावरील या मुळाची ओळख गोव्यास १५३५ च्या सुमारास चिनी व्यापाऱ्यांकडून झाली, असें त्यावरून कळतें. चीनमध्यें ली शिझेन याचा निघंटु १५९६ सालीं छापून झाला. त्यांतही या रोगावर याच वर्गांतील मूळ सांगितलें असून, जुन्या ग्रंथांत हा रोग नाहीं असें म्हटलें आहे.

आपल्याकडे सोळाव्या शतकांतील भावप्रकाशांत भावमिश्रानें यावर दोन उपाय दिले आहेत. रसकापूर कणकेच्या गोळींत घालून, दांतांस न लागेल असा गिळावा, हा एक. दुसरा चोपचिनीचा: चूर्ण चार मासे मधांतून घ्यावें व मीठ वर्ज्य करावें; अगदींच न राहवल्यास सैंधव खावें. शास्त्र स्वयंपाकघरांत कसें उतरतें, तें या सवलतीवरून दिसतें.

चरक-सुश्रुतांत फिरंगरोग नाहीं. म्हणून ज्या बाडांत फिरंगावर चोपचिनी लिहिलेली आढळेल, तो मजकूर सोळाव्या शतकापूर्वींचा मानतां येणार नाहीं. मग त्या बाडाच्या प्राचीनतेविषयीं घरचे लोक कांहींही सांगोत. मात्र हा निर्णय त्या कलमापुरता समजावा. जुन्या ग्रंथाच्या समासांत मागाहून उतारे भरण्याची चाल होती. हस्ताक्षर व शाई ताडून पाहावी.

दुसरी सावधगिरी नांवांविषयीं. रेवाचिनी चीनची खरी. पण दालचिनी सिंहलद्वीप व मलबार येथेंही होते आणि कबाबचिनी तर जावा बेटांतली. केवळ 'चिनी' या पदावरून मूळ देश ठरवूं नये.

संग्राहक सनदा व बखरी जपतात आणि तेलकट डागांचीं औषधांचीं पानें रद्दींत जातात. आमची विनंति एवढीच, कीं तीं पानें टाकण्यापूर्वीं एकदां वाचावीं. शकाचा अंक नसलेल्या बाडांत काळाचा पुरावा कित्येकदां त्यांतच असतो.